मॅटिल्डावरचा निळा पट्टा

माझ्या कामाच्या टेबलावर गेल्या महिन्यापासून मॅटिल्डा या दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश रणगाड्याची १/३५ प्रमाणातली एक प्रतिकृती रंग खरवडलेल्या अवस्थेत उभी आहे. बारा वर्षांपूर्वी मी ही प्रतिकृती रंगवली, तेव्हा किटमधील रंगपत्रकात दाखवल्याप्रमाणे तिच्यावर वाळूसारखा पिवळट, गडद राखाडी आणि फिकट आकाशी अशा तीन रंगांचे, सरळ कडांचे तिरपे पट्टे काढले होते. लिबियाच्या वाळवंटात लढलेल्या रणगाड्यावर आकाशी रंग का असावा, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही, कारण मॅटिल्डाची जी जी चित्रे आणि प्रतिकृती मी पाहिल्या होत्या, त्यांपैकी बहुतेकांवर तो होताच. पुढे मूळ रंगांच्या नेमक्या छटांवर झालेले काम वाचनात आले आणि तो पट्टा निळा नव्हताच, हे कळले. तेव्हापासून ती प्रतिकृती पुन्हा रंगवायची हे मनात होते. आता ते काम हाती घेतले आहे.

ही रंगसंगती कॉन्टर स्कीम या नावाने ओळखली जाते. ब्रिगेडियर जॉन कॉन्टर हा ब्रिटिश अधिकारी पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून निसटून आलेला होता आणि १९४०-४१ मध्ये उत्तर आफ्रिकेत चौथ्या आर्मर्ड (रणगाड्यांच्या) ब्रिगेडचे नेतृत्व करत होता. झाडे नाहीत, भिंती नाहीत, क्षितिजापर्यंत नजर अडत नाही, अशा मुलखात रणगाडा लपवणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून या रंगसंगतीने लपवण्याऐवजी फसवण्याचा मार्ग धरला. गाडीच्या खऱ्या कडांना छेदून जाणारे सरळ, तिरपे पट्टे काढले, की तिचे तोंड कोणीकडे आहे, ती केवढी आहे आणि किती दूर आहे याचा अंदाज चुकतो. पहिल्या महायुद्धात नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराच्या कल्पनेतून जहाजांवर असेच डोळ्यांना चकवणारे पट्टे काढले गेले होते; तेथेही जहाज अदृश्य करणे हा हेतू नव्हता, पाणबुडीच्या नेमबाजाचा हिशेब चुकवणे हा होता. वाळवंटातील रणगाड्याची गत समुद्रावरच्या जहाजासारखीच असते, हे लक्षात घेतले म्हणजे कॉन्टरच्या पट्ट्यांचा चमत्कारिकपणा ओसरतो आणि त्यामागचा विचार दिसू लागतो.

रंगांचे म्हणाल तर ते ब्रिटिशांच्या प्रमाणित रंगपत्रिकेतील ठरावीक क्रमांकांचे होते: क्रमांक ६४ पोर्टलंड स्टोन, क्रमांक २८ सिल्व्हर ग्रे आणि क्रमांक ३४ स्लेट. घोळ झाला तो यांतल्या मधल्या रंगाचा. सिल्व्हर ग्रे म्हणजे हिरवट झाक असलेला फिकट राखाडी. त्यात निळे असे काही नाही. मात्र गेल्या आठवड्यात मी तो रंग मिसळून एका प्लॅस्टिकच्या तुकड्यावर पोर्टलंड स्टोनच्या शेजारी लावला आणि खिडकीतल्या उन्हात धरला, तेव्हा मी स्वतःच चकित झालो. पिवळसर रंगाच्या कडेला कडा भिडताच तो राखाडी खरोखरच निळसर दिसू लागला, आणि शेजारचा पिवळा कागदाने झाकताच पुन्हा हिरवट राखाडी झाला. इतकी वर्षे संग्रहालयांपासून किटच्या खोक्यांपर्यंत सगळीकडे तो निळा कसा टिकून राहिला, याचे निदान एक कारण मला त्या बोटभर तुकड्यावर सापडले.

९ डिसेंबर १९४० रोजी इजिप्तमधील निबेवा येथील इटालियन छावणीवर ब्रिटिश फौजांनी हल्ला केला. सातव्या रॉयल टँक रेजिमेंटच्या मॅटिल्डा पुढे होत्या आणि त्यांच्याबरोबर आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनचे जवान होते. मॅटिल्डाचे पुढचे चिलखत ७८ मिलिमीटर जाडीचे, म्हणून इटालियन रणगाडाविरोधी तोफांचे गोळे तिला भेदू शकत नव्हते. तिचा वेग मात्र अगदीच कमी, रस्त्यावर ताशी जेमतेम २४ किलोमीटर. इतक्या सावकाश येणाऱ्या गाडीच्या बाबतीत शत्रूच्या नेमबाजाचा अंदाज चुकवणे किती मोलाचे असेल, हे सांगायला नको. अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये मॅटिल्डा प्रत्यक्ष पाहता येते. मी तिच्याजवळ बराच वेळ उभा राहिलो होतो तो रंगासाठी नव्हे, तर सावल्यांसाठी. चाके झाकणारे तिचे जाड पत्रे, त्यांतून चिखल खाली घसरावा म्हणून ठेवलेल्या खाचा, टरेटखाली, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या घुमटाखाली, पडणारी काळी सावली, या सगळ्यांमुळे तिचा आकार दुपारच्या उन्हात फार ठळक होतो. रंगाच्या पट्ट्याला नुसत्या पत्र्याशी नव्हे, या सावल्यांशीही सामना करावा लागतो, हे प्रतिकृतीवर कधीच नीट समजत नाही.

हीच रंगसंगती सुदानमध्ये गेली तेव्हा तिच्यातल्या एका रंगाची जागा जांभळट तपकिरी रंगाने घेतली, कारण तिथली जमीन वेगळी. सुदानकडूनच पुढे इरिट्रियावर चाल झाली आणि १९४१ मध्ये केरेनच्या डोंगरांत जी घनघोर लढाई झाली, तीत मॅटिल्डाही होत्या आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियनही होती. आपल्याकडे केरेनची आठवण निघते ती पायदळाच्या शौर्यासाठी, आणि ते योग्यच आहे. तरी त्या जवानांच्या शेजारून खडखडत गेलेल्या रणगाड्यांचाही कोणीतरी जमिनीचा रंग पाहून विचार केला होता, हे मला महत्त्वाचे वाटते.

मला सर्वांत आवडते ती मात्र माल्टाची तऱ्हा. भूमध्य समुद्रातील हे चिमुकले बेट १९४० ते १९४२ या काळात बॉम्बवर्षावाखाली होते. तेथे मॅटिल्डा अवघ्या चार होत्या. त्यांच्यावर आणि तेथील ट्रक, कॅरियर, तोफा यांच्यावरही चक्क दगडी भिंतीचे चित्र काढलेले असे: पिवळट पांढरे, बेढब ठोकळे आणि त्यांच्यामधून गडद रेघा. छायाचित्रात पाहताना हा प्रकार एखाद्या नाटकाच्या पडद्यासारखा वाटतो. पण माल्टाची शेते पाहिली की उलगडा होतो. सगळे बेट चुनखडीच्या दगडाचे, आणि शेताशेताला चुना-माती न वापरता नुसते दगडावर दगड रचून घातलेली कुंपणे. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, कारण हा आपला गडगाच. फरक इतकाच, की आपला गडगा जांभ्याचा किंवा काळ्या दगडाचा आणि पावसाळ्यात शेवाळाने हिरवा होणारा, तर माल्टाचा उन्हात पांढरा पडणारा. अशा गडग्याला लागून उभी केलेली गाडी वरून पाहणाऱ्या वैमानिकाला गडग्याचाच भाग वाटावी, ही अपेक्षा होती. माझ्या आजोळी आगराच्या गडग्याला टेकून ठेवलेली हातगाडी माडीवरून पटकन दिसत नसे, ते मला यावरून आठवले.

नंतरच्या काळातली दोन उदाहरणे थोडक्यात सांगतो, कारण तीही याच वळणाची आहेत. १९६८ मध्ये एसएएस या ब्रिटिश लष्कराच्या विशेष दलाने वाळवंटी मोहिमांसाठी ७२ लँड रोव्हर घेतल्या आणि त्यांना गुलाबी रंग दिला. गॅरेजमध्ये तो विचित्रच दिसत असणार. परंतु पहाटे आणि तिन्हीसांजेला वाळवंटाचा सगळा आसमंत त्याच छटेचा होतो, आणि त्या गाड्यांची कामे बहुधा त्याच वेळची असत. दुसरे उदाहरण पश्चिम बर्लिनचे. तेथील ब्रिटिश चीफ्टन रणगाड्यांवरचा नेहमीचा हिरवा-काळा रंग शहरात उलट उठून दिसे, कारण शहरात झुडपांच्या गोल आकृती नसतात. खिडक्या, दारे, पायऱ्या, भिंती यांच्या उभ्या-आडव्या रेषा असतात. मेजर क्लेंडन डॉक्स यांनी हे हेरले आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पांढऱ्या, राखाडी आणि तपकिरी चौकोनांची रंगसंगती तयार केली. जर्मनांनी १९४४ मध्ये रानात दडणाऱ्या रणगाड्यांवर पानांतून पडणाऱ्या कवडशांसारखे ठिपके काढले होते. बर्लिनच्या चौकोनांमागेही तसेच निरीक्षण होते, फक्त झाडांऐवजी इमारतींचे.

या सगळ्या रंगांना आपण आज चमत्कारिक म्हणतो, ते आपण त्यांना दिव्याखाली, गुळगुळीत फरशीवर उभे करून पाहतो म्हणून. कॉन्टरची रंगसंगती १९४१ च्या अखेरीस मागे पडली आणि तिच्या जागी साधा, एकरंगी वाळूचा रंग आला. तीन रंगांचे मोजून आखलेले पट्टे प्रत्येक गाडीवर काढणे वेळखाऊ होते आणि धुळीने सगळेच पट्टे सारखे होत असणार, हे मला मास्किंग टेप लावताना पटते. तरीही त्या वर्षभरात ज्यांनी हे पट्टे फूटपट्टीने आखले, त्यांच्या चिकाटीचा मला आदर वाटतो.

माझ्या मॅटिल्डावर पोर्टलंड स्टोनचा हात देऊन झाला आहे. सिल्व्हर ग्रेचे पट्टे रविवारी एअरब्रशने मारले, आणि टेप सोलून काढल्यावर ते पुन्हा निळसर दिसू लागले. या वेळी मी रंग बदलला नाही. स्लेटचे पट्टे राहिले आहेत. शेजारी दुसरी मॅटिल्डा माल्टासाठी घेतली आहे. तिच्यासाठी टेप चालत नाही, एकेक दगड बारीक कुंचल्याने काढावा लागतो. टरेटच्या डाव्या बाजूचे दगड कालपर्यंत काढून झाले.