निळी जीभ, पण विष नाही

परड्यात शेणींचा ढीग उचलताना सापसुरळी निघाली की खानापूर असो की निपाणी, कुणीतरी म्हणणारच, ‘सापाची मावशी, चावली तर माणूस पाणीही मागत नाही.’ शेजारच्या कन्नड घरात तिलाच हावराणी म्हणतात, आणि भीती तिथेही तेवढीच. त्यात आता मोबाईलवर निळ्याशार जिभेच्या सापसुरळीचे व्हिडिओ फिरतात. रंग बघून लोक विष ठरवून मोकळे होतात. विष ना तिला, ना आपल्या परड्यातलीला.

निळ्या जिभेची सापसुरळी आपल्या मुलखातली नव्हे. टिलिक्वा वंशातल्या या जाती ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि इंडोनेशियाच्या काही बेटांवर राहतात. पूर्व ऑस्ट्रेलियातली शहरी बागांतही असते. लांबी शेपटीसकट ६० सेंटिमीटरपर्यंत, अंग जाडजूड, पाय आखूड. पळून सुटका होणं तिला अवघड, म्हणून जीभ कामी येते.

आधी ती निपचित पडून राहते. शत्रू हटला नाही तर अंग फुगवून फुसकारते. तो अगदी झडप घालायच्या बेतात आला की मगच जबडा फाकून अख्खी जीभ बाहेर काढते. आधीच दाखवली तर लपून राहण्याचा फायदा जातो आणि शत्रूचं लक्ष उगाच वेधलं जातं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर ऑस्ट्रेलियातल्या १३ सापसुरळ्यांसमोर बनावट शत्रू ठेवले होते. पक्षी आणि कोल्हा समोर आल्यावर पूर्ण जीभ जास्त वेळा निघाली. जिभेचा मागचा भाग टोकापेक्षा जवळपास दुप्पट तेजस्वी असतो, आणि तो अतिनील प्रकाशही परावर्तित करतो. आपल्याला तो दिसत नाही, पण बऱ्याच पक्ष्यांना दिसतो. ती चावते, दुखतंही, कारण जबडा गोगलगायीचं कवच फोडणारा आहे. पण तेवढंच. गोगलगायींसाठी टाकलेलं विष मात्र तिच्याच पोटात जाऊ शकतं.

ती अंडी घालत नाही, पिलं देते. पूर्वेकडची जात एका वेळी साधारण १०, कधी २५ पर्यंत. याच वंशातली दक्षिण ऑस्ट्रेलियातली छोटी जात नामशेष झाली असं मानलं जात होतं. १९९२ साली ती सापडली ती एका मेलेल्या सापाच्या पोटात! कोळ्यांच्या बिळात राहत असल्याने ती कुणाच्या नजरेस पडत नव्हती.

आपल्याकडची साधी सापसुरळी मात्र अंडी घालते. तिच्याकडे असली जीभ नाही, तिचं हत्यार शेपूट. शेपटीच्या मणक्यांत तुटण्याच्या ठरलेल्या जागा असतात. तुटलेला तुकडा वळवळत राहतो, शत्रू त्यात गुंततो, ही निसटते. नवं शेपूट येतं, पण त्यात मणक्यांऐवजी कूर्चेची दांडी असते. शेपटीत साठवलेली चरबी मात्र गेलेली असते. केरसुणीने बडवून हाकलताना आपण नेमका तोच साठा घालवतो. साप की सापसुरळी हे ओळखायला पाय, मिटणारी पापणी आणि कानाचं भोक बघा. सापाला पापणी आणि कानाचं भोक नसतं.

घरात शिरली तर एका बाजूचं दार उघडं ठेवून पुठ्ठ्याने हळूहळू तिकडे वळवा. उंदरांच्या चिकट पुठ्ठ्यावर अडकली असेल तर ओढू नका, कातडी सोलते. आधी उघड्या गोंदावर माती भुरभुरा, म्हणजे सुटलेला पाय परत चिकटत नाही. मग कापसाच्या बोळ्याने खाद्यतेल कडेकडेने थेंबथेंब सोडा, नाकपुड्या वाचवून. थोडं थांबा. एकेक पाय सुटू द्या, शेपूट शेवटी. राहिलेलं तेल मऊ कापडाने टिपून घ्या आणि सावलीत दगडाच्या फटीपाशी सोडा. चिकट पुठ्ठे ठेवायचेच असतील तर दाराच्या उंबऱ्याशी आणि भिंतीच्या कडेला नकोत. तीच तिची वाट.