काजळीचं इलेक्ट्रोड

आजी एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट पालथं धरून काजळ पाडायची. गेल्या महिन्यात कॉलेजच्या लॅबमध्ये मी तेच करत होते, फक्त ताटाच्या जागी एफटीओची, म्हणजे वीज वाहणारा पारदर्शक लेप दिलेली काच आणि दिव्याच्या जागी मेणबत्ती.

टीवायच्या मुलांना जांभळाच्या रसावर चालणारा सौरघट दाखवायचा होता. 1991 साली ओ'रेगन आणि ग्रॅट्झेल यांनी मांडला तोच प्रकार. रंग प्रकाश घेतो, इलेक्ट्रॉन टायटानियात, म्हणजे पहिल्या काचेवरच्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरात सोडतो, तो इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून दुसऱ्या काचेवर येतो. तिथे दोन काचांमधल्या इलेक्ट्रोलाइटमधल्या आयोडीननं (ट्रायआयोडाइडनं) तो पटकन उचलला पाहिजे, म्हणून त्या काचेवर प्लॅटिनम लावतात. ते क्लोरोप्लॅटिनिक आम्लातून येतं, आणि त्याच्या एका ग्रॅमचा भाव ऐकून आमच्या एचओडींनी कोटेशन मुकाट्यानं परत दिलं.

"मॅडम, अ‍ॅल्युमिनियम फॉइल चालेल ना?" एकानं विचारलं. म्हटलं, लावून बघ. दुसऱ्या दिवशी फॉइलला भोकं पडली होती. आयोडीन धातू खातं, हे त्याला आता जन्मभर लक्षात राहील.

मग काचेवर पेन्सिल घासली, म्हणजे ग्रॅफाइट. लोड नसताना मीटरवर 380 मिलिव्होल्ट, एक किलोओहमचा रोध जोडला की 150. ग्रॅफाइटचा सपाट पृष्ठभाग या कामाला आळशी असतो. अभिक्रिया घडते ती त्याच्या थरांच्या कडांवर. काजळीच्या कणांना अशा कडा भरपूर, म्हणून मेणबत्ती. पण प्लॅटिनमचा नुसता हात फिरला तरी पुरतं, कार्बनचा मात्र जाड थर लागतो, आणि आमचा जाड थर इलेक्ट्रोलाइटचा थेंब पडताच तरंगायला लागला. घट कमी, शाईची दौत जास्त.

उपाय जुनाच निघाला. 1996 मध्ये अँड्रियास काय आणि ग्रॅट्झेल यांनी ग्रॅफाइट आणि कार्बन ब्लॅक (काजळीसारखीच बारीक पूड) एकत्र करून 6.7 टक्के कार्यक्षमता गाठली होती, आणि थर धरून ठेवायला त्यात थोडा टायटानिया होता. आमच्याकडे व्हिनेगरमध्ये खललेली टायटानियाची पेस्ट उरलीच होती. तीच चिमूटभर काजळीत कालवली, हॉटप्लेटवर भाजली. थर टिकला. त्याच लोडवर 260.

प्लॅटिनमचा खर्च टळला खरा, पण तसंही ते चौरस सेंटिमीटरला काही मायक्रोग्रॅमच लागतं. हिशेब मांडल्यावर खरी महाग निघाली ती काच. उरलेले सात तुकडे मी मोजून कपाटात कुलूपबंद केलेत, किल्ली माझ्याकडे.