मार्चअखेर, पाडवा आणि देण्याचा रकाना

२९ मार्च २०२५, शनिवार

उद्या पाडवा, परवा मार्चअखेर. त्यामुळे जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागात साखरेच्या गाठी, कडुनिंबाची डहाळी, गुढीसाठी इस्त्री करून ठेवलेला खण. आणि उरलेल्या अर्ध्यात नवऱ्याची आयकराची फाइल. दोन्ही पसारे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मधे गुढीचाच तांब्या ठेवलाय.

"यंदा ८०-जीचा काही उपयोग नाही," तो म्हणाला. ८०-जी म्हणजे संस्थांना दिलेल्या देणग्यांवर आयकरात मिळणारी वजावट, आणि नव्या करप्रणालीत गेलं की ती मिळत नाही. जुन्या पद्धतीत बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्म्यावर मिळायची. तीसुद्धा दोन हजारांच्या वर रोख दिले नसतील तर, आणि संस्थेकडून १०-बीई नावाचं प्रमाणपत्र वेळेत आलं तर. दर उन्हाळ्यात त्या प्रमाणपत्रांसाठी फोन करायचं काम माझ्याकडे. तिकडचा माणूस बिचारा दहा कामं टाकून आमची पावती शोधायचा आणि मला वाटायचं, आपल्या कराचे चार पैसे वाचावेत म्हणून आपण याचा वेळ खातोय.

सोफ्यावरून लेकीनं विचारलं, "म्हणजे यंदा कमी द्यायचं?"

ती एकोणीस वर्षांची आहे. या वयाची मुलं आईवडिलांना प्रश्न विचारत नाहीत, परीक्षा घेतात. नवऱ्यानं मान वर न करता सांगितलं, "कमी कशाला? तेवढंच. फक्त कागद गोळा करायचे नाहीत."

मला हे उत्तर फार आवडलं, आणि आवडलं ते त्यातल्या कोरडेपणामुळे. देणं उमाळ्यावर सोडू नये, असं माझं जुनं मत आहे. उमाळा येतो तसा जातोही. दूधवाल्याचं बिल आपण उमाळ्यानं देत नाही, म्हणूनच ते कधी चुकत नाही.

हे मी बार्शीच्या आजोबांकडून उचललं. त्यांचं आडत दुकान होतं. ज्वारी, तूर, करडई. लाल कापडात बांधलेल्या त्यांच्या खतावणीत एक खातं 'श्री धर्मादाय' नावाचं असे. व्यवहार झाला की त्यातले थोडे पैसे त्या खात्यावर जमा. गल्ल्यात कितीही चणचण असो, त्याला हात लावायचा नाही. त्यातून उन्हाळ्यात पाणपोई चाले, कुणा पोराची फी जाई, आणि एकादशीला पंढरपूर करून द्वादशीला बार्शीच्या भगवंताच्या देवळात उपास सोडायला येणाऱ्या वारकऱ्यांना जेवण मिळे. आजोबा काही फार प्रेमळ वगैरे नव्हते. हमालाशी दहा-दहा पैशांवरून हुज्जत घालायचे. पण धर्मादायचा हिशेब चोख. लहानपणी या दोन गोष्टी मला एकमेकींशी जुळवता यायच्या नाहीत. आता जुळतात. तरी हमालाला ते दहा पैसे द्यायला हवे होते, असं वाटतंच.

उमाळ्याचं काय होतं तेही त्याच सुमारास पाहिलं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी; सोलापुरात मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या होत्या आणि आम्ही मुलं दमून झोपलो होतो. पहाटे चारच्या सुमारास फळीवरची भांडी वाजायला लागली, पलंग हलला, आईनं आम्हाला ओढत अंगणात आणलं. उजाडल्यावर रेडिओवर किल्लारी, सास्तूर ही नावं ऐकू आली. दगडमातीच्या जाड भिंती, डोक्यावर मातीचं धाबं. माणसं झोपेतच गाडली गेली. जवळजवळ दहा हजार.

दुपारपर्यंत आमच्या गल्लीत कपड्यांची गाठोडी जमली. आईनंही ट्रंक उघडली. बाबा ट्रकबरोबर गेले आणि परत आले ते गप्पच. मग रात्री आईला म्हणाले, "कपडे रस्त्याच्या कडेला भिजत पडलेत. पाऊस लागलाय. लोक पत्रे मागताहेत, ताडपत्री मागताहेत, कंदील मागताहेत. आपण जरीचे ब्लाऊज नेले." एका गाठोड्यात कुणीतरी लग्नातला कोट दिला होता म्हणे.

तेव्हापासून 'काय द्यावं' याआधी 'काय हवंय' हे विचारायचं, हा आमच्या घरचा नियम झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी भरलं तेव्हा सोसायटीत पुन्हा कपड्यांचा ढीग जमायला लागला. मी लेकीला कपाट उघडू दिलं नाही. ती भयंकर चिडली. तिच्या वर्गातल्या सगळ्यांनी कपडे दिले होते. सांगलीच्या मावसबहिणीला फोन लावला तर ती म्हणाली, "पाणी उतरलंय, आता घरात गुडघाभर चिखल आहे. खराटे पाठव, फिनेल पाठव, गमबूट आणि हातमोजे पाठव." टेम्पोत आमचे खराटे फार दिमाखदार दिसले नाहीत, एवढं खरं.

फाइल चाळताना जुन्या पावत्यांमध्ये आनंदवनाची पावती निघाली आणि आयकर बाजूलाच राहिला. डिसेंबर २०१८. सोसायटीतले अर्धे लोक नाताळच्या सुट्टीत गोव्याला निघाले होते आणि आम्ही महाराष्ट्र एक्स्प्रेसनं वर्ध्याला. धाकटा तेव्हा तिसरीत. "तिथं समुद्र आहे का?" एवढंच त्यानं विचारलं होतं.

सेवाग्रामला सगळे बापूकुटी पाहतात. मला मात्र परचुरेशास्त्रींची कुटी लक्षात राहिली. संस्कृतचा जाणकार माणूस, कुष्ठरोग झालेला, गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केली. तिथून आम्ही वरोऱ्याला गेलो. आनंदवन १९४९ चं. बाबा आमटे आणि साधनाताईंनी खडकाळ, झुडपांनी भरलेल्या जागेवर सुरू केलेलं. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, ही सुरुवातीची गोष्ट तिथं गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. मुलांनाही आम्ही गाडीत सांगितली होती. त्यामुळे झालं असं की आपण कुणाला तरी मदत करायला चाललोय, असा चेहरा करून दोघं उतरली.

तो चेहरा हातमागाच्या शेडमध्ये उतरला. मागावरच्या काकांच्या एका हाताला बोटं नव्हती. त्यांनी लेकीला शेजारी बसवलं आणि धोटा फेकायला शिकवलं. तिचा धागा सारखा तुटत होता. काका हसून हसून बेजार. "पुण्याच्या शाळेत हे नाही शिकवत वाटतं?" असं म्हणून त्यांनी तुटलेला धागा क्षणात जोडला आणि पुन्हा खटखट सुरू केलं. बाबा आमट्यांचं म्हणणंच होतं की माणसाला दया नको असते, काम करायची संधी हवी असते. हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल. लेकीनं ते ऐकलेलंही नव्हतं आणि तिला ते माझ्या आधी कळलं, असं मला तिच्या तोंडाकडे बघून वाटलं. तिथल्या विक्रीकेंद्रातून आणलेली सतरंजी अजून आमच्या बाल्कनीत आहे.

पुढे चंद्रपूर, आलापल्ली, मग दोन्ही बाजूंना सागाचं जंगल आणि भाड्याची बोलेरो. नातेवाईकांनी निघताना "त्या भागात पोरांना नेतेस?" म्हणून घाबरवलं होतं, प्रत्यक्षात सगळ्यात मोठं संकट म्हणजे धाकट्याला गाडी लागली. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प, म्हणजे आमट्यांचंच आदिवासींसाठीचं काम, २३ डिसेंबर १९७३ ला सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथं राहायला गेले तेव्हा वीज नव्हती, धड रस्ता नव्हता, दवाखाना झाडाखाली होता आणि माडिया लोकांची भाषा यांना येत नव्हती. जवळच भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेवरचा पूल बुडाला की गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटायचा. अशा ठिकाणी बाळंतपण अडलेली बाई खाटेवर घालून जंगलातून चालत आणतात, हे ऐकल्यावर आमच्या घरातल्या 'डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही' या तक्रारी काही काळ तरी बंद पडल्या.

तिथंच संध्याकाळी पायरीवर बसून धाकट्यानं विचारलं, "बाबा, आपण इथे यायचे पैसेच यांना पाठवले असते तर?"

नवरा हिशेबी माणूस. त्यानं खरंच हिशेब केला. रेल्वे, बोलेरो, राहणं, खाणं. बेरीज त्या वर्षी आम्ही दिलेल्या एकूण देणगीपेक्षा जास्त निघाली. मी म्हटलं, "अरे, पण पाहिल्याशिवाय कसं कळणार?" तर धाकटा म्हणे, "यूट्यूबवर दिसतं की."

माझ्याकडे याचं नीट उत्तर नाही. एवढंच सांगता येईल की त्या प्रवासानंतर आमच्या घरी देणगीची रक्कम कुठल्याच वर्षी खाली आलेली नाही. त्याआधी दर मार्चला "या वर्षी जरा ओढाताण आहे" हे वाक्य हमखास असायचं. पण आमच्या आधी बसमधून उतरलेली मंडळी बिबट्याच्या पिंजऱ्यासमोर फोटो काढून अर्ध्या तासात निघून गेली होती, आणि तिथल्या कार्यकर्त्याला तीच माहिती दिवसात कितीदा सांगावी लागत असेल, हाही विचार येतो. अशा जागांची सहल करू नये. गेलोच तर राहावं, पडेल ते काम करावं, नाहीतर खरंच पैसे पाठवावेत.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. श्रीखंड या वेळी विकतचं. सासूबाईंनी चव घेऊन "बरंय" म्हटलं, म्हणजे बरं नाही.

जेवणानंतर वही काढली. दर महिन्याला बँकेतून आपोआप जाणाऱ्या रकमा पुढच्या वर्षी तशाच ठेवायच्या, एवढंच ठरवायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, "बँकेतून आपोआप जातं ते कसलं गं देणं? तुम्हाला कळतसुद्धा नाही कधी गेलं ते. हातानं द्यावं, समोरच्याच्या तोंडाकडे बघून."

मी आजोबांचा धर्मादाय काढणार होते, पण गप्प बसले. कारण त्यांचं म्हणणं नुसतं बोलण्यापुरतं नसतं. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा त्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाजवळ दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन बसतात. वारकऱ्यांना केळी, बिस्किटं, राजगिऱ्याचे लाडू देणारे पावलोपावली असतात; इतके की रस्त्यावर सालींवरून घसरायला होतं. पण पिशवीचा बंद तुटलेला असतो, चपलेचा अंगठा निघालेला असतो, आणि पुढे दिवेघाट असतो. सासूबाई पिशव्यांचे बंद शिवून देतात. शेजारी एक चर्मकार दादा चपला शिवतात, ते पैसे घेत नाहीत. मागच्या वर्षी परभणीकडच्या एका आजींनी शिवलेली पिशवी ओढून पाहिली आणि "टिकंल का पंढरपुरापातूर?" असं विचारलं. सासूबाईंना राग आला आणि त्यांनी आणखी एक टाका घातला.

तर बँकेतल्या रकमा तशाच राहिल्या आणि सासूबाईंचा दाभणही राहिला. दोन्हींतलं एकच खरं, असं आता मी कुणाला पटवत बसत नाही.

रकमांवर वाद झाला तो एकाच ठिकाणी. नवरा केज तालुक्यातल्या खेड्यातून शिकायला पुण्यात आला तेव्हा विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहात राहिला. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली ही संस्था. खोली, जेवण अगदी थोड्या पैशात. आणि मुलांनी वाढण्या-झाडण्याची कामं आळीपाळीनं करायची. आमच्याकडे अजूनही ताटं तोच वाढतो, आणि वाढताना कुणाची पोळी संपत आलीय हे त्याला न बघता कळतं. त्याचं म्हणणं, यंदा कराची भानगड नाही तर आनंदवनाचे थोडे कमी करून वसतिगृहाला वाढवू. लेक म्हणाली, "तुम्ही तिथं राहिलात म्हणून?" तो म्हणाला, "हो." तिला या 'हो'नंतर पुढे काही वाद घालता येईना. शेवटी आनंदवनाचे कमी न करता वसतिगृहाचे वाढवले, आणि वाढलेले पैसे मे महिन्यातल्या महाबळेश्वरच्या खात्यातून निघाले. धाकट्यानं स्ट्रॉबेरीचा निषेध नोंदवला.

तसंही मे महिन्यात लेक घरी नाहीच. सोमनाथला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलजवळ, आमट्यांचीच श्रमसंस्कार छावणी भरते, तिथं तिला जायचंय. पहाटे उठून कुदळ-फावडं, दुपारी व्याख्यानं. सासूबाईंना काळजी उन्हाची. चंद्रपूरचा पारा तेव्हा पंचेचाळिसाच्या पुढे असतो. त्यांनी आत्तापासून सातूचं पीठ आणि कांद्याची भाषा सुरू केली आहे.

धाकटा आता नववीत आहे. त्यानं तोच जुना प्रश्न ताईला विचारून पाहिला, "तिकिटाचे पैसेच पाठवून दे ना."

"मी खणायला चाललेय," ती म्हणाली. "पैसे तू पाठव."

वर्ध्यापर्यंतचं तिकीट मिळालं. परतीचं वेटिंगवर आहे.