गोरखगडाच्या गुहेत, टाक्याशेजारी

आम्हा सोलापूरकरांना कुठंही मुक्कामाला जायचं तर आधी नळाची बारी बघावी लागते. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्या दिवशी घरात माणूस लागतंच. मुरबाडजवळच्या गोरखगडाचा बेत आम्ही डिसेंबरातल्या शनिवार-रविवारी धरला, कारण आमची बारी गुरुवारी होती. गुरुवारी पाणी आलंच नाही. शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली आणि शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसले.

कल्याणला पहाटे आतेभाऊ घ्यायला आला होता. तो गेली वीस वर्षं सह्याद्रीत हिंडतोय. गडावर एक रात्र काढायची आहे, असं मी त्याला निदान पाच वर्षं सांगत होते. बरोबर त्याची सतरा वर्षांची मुलगी. मुरबाड, म्हसा, देहरी हा रस्ता कधी सरला ते कळलंच नाही, कारण मी बहुतेक झोपेतच होते. देहरीत चहा झाला आणि गावातलेच एक मामा वाट दाखवायला बरोबर आले.

चढाईबद्दल फार लिहीत नाही. जंगल संपलं की कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात, हात घालायला खोबणी आहेत, आणि बाजूला बघायचं नाही हे दादाने तीनदा बजावलं होतं. मी बघितलं नाही. पावसाळ्यात या पायऱ्या शेवाळतात, तेव्हा तिथं जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गुहा मात्र पाहताक्षणी मनात भरली. ऐसपैस, वीस-पंचवीस माणसं सहज झोपतील अशी. समोर चाफ्याची झाडं, झाडांपलीकडे एकदम दरी, आणि दरीपल्याड मच्छिंद्रगडाचा सुळका. गोरखनाथांनी इथं साधना केली असं सांगतात. पाठपिशवी टेकवून मी त्या दारात बसले, तेव्हा अर्धा तास कुणी कुणाशी बोललं नाही. तंबू लागत नाही, खोलीचं भाडं नाही, डोक्यावर डोंगराचंच छप्पर.

गुहेजवळच पाण्याची टाकी आहेत, खडकात खोदलेली. मामांनी दोरीला बांधलेला डबा सोडून पाणी काढलं. इतकं गार आणि इतकं नितळ पाणी मी कित्येक वर्षांत प्यायले नव्हते. उजनी धरणाचं पाणी आमच्याकडे शंभरावर किलोमीटर पाइपातून येतं, मग टाकीत, मग ड्रममध्ये, मग फिल्टरमध्ये. इथं आकाशातून पडलं ते दगडात राहिलं, एवढंच. भाचीने दोन घोट पिऊन उरलेलं तोंडावर मारलं, तर माझ्या तोंडून आपोआप गेलं, “अगं, वाया नको घालवूस.” सवय.

संध्याकाळी पाचच्या सुमारास दहा-बारा मुलांचा घोळका वर आला. स्पीकर वाजत होता, त्याचं मी काही म्हणत नाही, तरुण मुलं आहेत. त्यांनी चुलीवर चिकन केलं. जेवणं झाल्यावर त्यातल्या एकाने रश्शाचं पातेलं उचललं, आमच्याच टाक्याकडे गेला आणि सरळ आत बुडवून घासायला लागला. टॉर्चच्या उजेडात पाण्यावर तेलाचा लालसर तवंग पसरताना मला दिसला.

मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी परक्या माणसावर आयुष्यात ओरडले नसेन.

“अरे, ते प्यायचं पाणी आहे!”

“काकू, एवढं मोठं टाकं आहे, काय होतंय?”

माझे हात थरथरत होते. मी त्याला म्हटलं, “बाळा, मी सोलापूरची आहे. आमच्याकडे भांडी घासलेलं पाणी आम्ही कुंडीला घालतो. उन्हाळ्यात उजनी वजामध्ये गेली, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळातला साठाच उरला, की पेपरात रोज आकडा येतो आणि आम्ही सगळे तो आधी वाचतो. तू इथं आत्ता जे केलंस ते मला बघवत नाही.” तो गप्प झाला. पातेलं बाहेर काढलं. पण बाकीच्यांतून कुणीतरी हसलं, आणि ते हसणं मला अजून ऐकू येतं.

तोवर मामा उठून आले होते. ते चिडले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, पाण्यावर अलगद पसरला, उचलला, बाजूला नेऊन पिळला. पुन्हा पसरला. असं किती वेळा केलं मी मोजलं नाही. करता करता त्या मुलाला म्हणाले, “ह्ये वाहतं पाणी न्हाय रं. पावसानं भरलं की पुढच्या पावसापर्यंत ह्येच. आत गेलेलं आतच ऱ्हातं.” मुलाने टॉर्च धरून ठेवला होता. शेवटी शेवटी टॉवेलचं दुसरं टोक त्यानेच धरलं.

टाकं म्हणजे काय, हे मला त्या टॉवेलकडे बघताना नीट कळलं. खडकात हा खड्डा खोदायला कुणीतरी महिनोन्महिने छिन्नी चालवली असेल, आणि वरचं पाणी वळून बरोबर याच तोंडाशी येईल अशी जागा निवडली असेल. शेकडो वर्षं माणसं येऊन त्यातून पीत आली. एका रश्शाच्या पातेल्याने पुढच्या जूनपर्यंत ते बिघडू शकतं. गडावर जाणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: पाणी डब्याने काढा, टाक्यापासून लांब जा, तिथं घासा. एवढंही ज्याला जड जातं त्याने गावातच जेवून वर यावं.

आमचं जेवण साधं होतं. मी सोलापूरहून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेली होती. दादाने स्टोव्हवर डाळ शिजवली, त्यात कडक भाकरी मोडून टाकली, वर चटणी आणि तेल. मोडून खाण्याचं हे जेवण डोंगरासाठीच जन्माला आलंय असं वाटलं. खराब होत नाही, भांडं एकच, आणि ते बोटाने पुसून घेतलं की धुवायला पेलाभर पाणी पुरतं. मामांनी मालदांडी ज्वारीची भाकरी पहिल्यांदाच चाखली. “आमच्या नाचणीपरीस गोड लागती,” म्हणाले. रात्री उशिरा त्या मुलांतला एकजण आला आणि विचारलं, “काकू, प्यायला कुठल्या टाक्यातलं घ्यायचं?” मामांनी दाखवलेलं दुसरं टाकं मी त्याला दाखवलं. त्याने बाटली भरली आणि गेला.

झोप फारशी लागली नाही. कातळाचा गारवा मॅटमधून वर येत होता. दोनच्या सुमारास मी उठून गुहेच्या तोंडाशी बसले. वारा पडला होता. समोर सह्याद्रीची मुख्य भिंत काळी, सलग. दादाही उठून आला. हळू आवाजात त्याने दाखवलं: ती आहुप्याची बाजू, घाटमाथ्यावरच्या गावाची. त्या माथ्यावर पडलेला पाऊस अलीकडे घरंगळला की कोकणातल्या ओढ्यांतून उल्हास नदीत आणि तिथून अरबी समुद्रात. पलीकडे गेला की घोड नदीत, डिंभ्याच्या धरणात, मग भीमेत.

“आणि मग उजनीत,” मी म्हणाले.

“मग तुझ्या नळात.”

हे भूगोलात शिकले होते. भीमा भीमाशंकरला उगम पावते हे सोलापूरच्या शाळेतलं कोणतंही पोर सांगेल. पण ती भिंत डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर उभी असताना ते ऐकणं निराळं. आमच्याकडे वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मनात आलं तर. आम्ही जगतो ते या कड्यामागे कोसळणाऱ्या पावसावर. उजनी भरली की आम्ही पेढे वाटतो आणि इथल्या एकाही गावाचं नाव आम्हाला माहीत नसतं. मला रडू आलं. दादाने काही विचारलं नाही.

सकाळी ऊन उशिरा आलं, भिंतीआडून. पायऱ्या चढून माथ्यावरच्या महादेवाचं दर्शन घेतलं, सिद्धगड पाहिला, आणि खाली निघालो. उतरताना मी मामांना म्हटलं, “मामा, तुम्ही भाग्यवान. एवढा पाऊस तुमच्या दारात.”

मामा थांबले. पायाने एक सैल दगड वाटेतून बाजूला सारला.

“ताई, वैशाखात आमची इहीर बी आटते. पाऊस पडतो तेवढा सगळा निघून जातो. आमच्या बाया हंडा घेऊन खाली जातात, तास लागतो येरझारीला. वर आहुप्याकडं बी तसंच.”

पुढे उतरताना मी काहीच बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. ज्या मुलखाचं पाणी आम्ही पाइप टाकून नेतो म्हणून रात्री मी रडले, त्या मुलखातल्या बायका वैशाखात माझ्यासारख्याच रिकाम्या हंड्याकडे बघत बसतात, हे मला बेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

देहरीत मामांच्या घरी गेलो. मामींनी तांब्याभर पाणी आणि गूळ पुढे केला. मी तांब्या उचलला, पेल्यात थोडं ओतून घेतलं आणि उरलेलं परत केलं. मामी म्हणाल्या, “प्या की ताई, आता डिसेंबर हाय, आता भरपूर हाय.” मग मी पोटभर प्यायले.

सोमवारी सकाळी सोलापुरात पोचले. शनिवारी रात्री अकराला पाणी आलं होतं म्हणे. काकूंनी आमचे दोन्ही ड्रम भरून ठेवले होते, वर झाकण, झाकणावर वीट.