शाळेचं बांधकाम आणि गल्लीतले टिप्पर

गल्लीच्या टोकाला शाळेची नवी इमारत उठणार असं कळलं की निवेदनात ठरलेली ओळ येते: ‘अवजड वाहनांचा त्रास होतो, तरी बंदोबस्त करावा.’ त्यावर पोच मिळते, बाकी काही होत नाही. त्रास किती, कुठल्या दिवशी, कुठल्या वळणावर, हे लिहिलं तर अधिकाऱ्याला आदेश काढायला काहीतरी हाती लागतं. आणि ते काम सुरू होण्याआधी मांडता येतं, कारण खेपांचा हिशेब कागदावर करता येतो.

समजा ४० बाय १५ मीटरची दुमजली-तिमजली इमारत आहे आणि पूर्ण जागा दीड मीटर खणायची आहे. माती झाली ९०० घनमीटर. खणलेली माती फुगते. पाव हिस्सा वाढ धरली की ११२५. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. चार ब्रासचा दहाचाकी टिप्पर धरला तर सुमारे १०० खेपा, म्हणजे तुमच्या दारावरून २०० फेऱ्या. जेसीबी हे काम पाच दिवसांत उरकतो. दिवसाला ४० फेऱ्या, आठ तासांत दर बारा मिनिटांनी एक. नुसते कॉलमचे खड्डे घेणार असतील तर आकडा बराच खाली येतो, म्हणून आधी ठेकेदाराला तेवढंच विचारावं.

दुसरा अवघड दिवस स्लॅबचा. ६०० चौरस मीटर, सहा इंची स्लॅब आणि बीम मिळून साधारण १२० घनमीटर काँक्रीट. सहा घनमीटरचे २० मिक्सर. भरलेला मिक्सर २५ टनांच्या आसपास जातो. काँक्रीट मिसळल्यापासून दोनेक तासांत ओतावं लागतं आणि मध्ये थांबलं तर कच्चा सांधा पडतो, म्हणून स्लॅब अर्ध्यावर सोडा म्हणून उपयोग नाही, कुणी ऐकणारही नाही. मागता येतं ते वेगळं: स्लॅब रविवारी, पहिला मिक्सर सकाळी सहाला. काँक्रीट वर चढवणारा पंप नीट चालला तर सहा-सात तासांत काम आटोपतं. पहिलीच गाडी दहाला आली की संध्याकाळचे पाच वाजतात. एका वेळी एक मिक्सर गल्लीत, एक मुख्य रस्त्यावर मोकळ्या जागी, बाकीचे प्लांटवरच. ही रांगेची अट लेखी घ्यावी. खरी कोंडी पंपापुढे ताटकळणाऱ्या तीन-चार गाड्यांनीच होते.

पंप बूमचा, म्हणजे उंच घडीच्या हाताचा, असेल तर त्याचे पाय पसरायला रस्त्याची जवळजवळ पूर्ण रुंदी लागते आणि वर विजेच्या तारा असतात. बेळगाव भागातल्या वीज कंपनीला, हेस्कॉमला, आधी कळवून तेवढा वेळ लाईन बंद करून घेतल्याशिवाय बूम उचलू देऊ नये. अरुंद बोळात जमिनीवरून पाईप नेणारा लाईन पंप बरा.

वळणावर पुढचं चाक रस्त्यावर राहतं, मागची चाकं आत कापतात. कोपऱ्यावरच्या गटाराची फरशी म्हणून फुटते, आणि तिच्याजवळून गेलेला नळाचा पाईपही. एक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते, असा रस्तेवाल्यांचा ठोकताळा आहे. तेव्हा खोदाईच्या आदल्या दिवशी प्रत्येक कोपरा, फरशी, कंपाउंडची भिंत आणि जुन्या भेगांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. नंतर ‘हे आधीच फुटलं होतं’ हे उत्तर हमखास येतं.

बेळगावात शहापूर-वडगावच्या बाजूला काळी माती. ती चाकांना चिकटून रस्त्यावर पडते, वळीव झाला की दुचाकी सरळ घसरते. फाटकाशी खडीचा पट्टा टाकून तिथेच चाकं धुवायला लावावीत, टिप्परवर ताडपत्री हवीच. ओली काळी माती जडही असते. तेच चार ब्रास उन्हाळ्यात वजनात बसतात, पावसात दहाचाकीची साडेअठ्ठावीस टनांची मर्यादा ओलांडतात. निपाणी-चिकोडीकडे दिवाळीनंतर काम काढलं तर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर त्याच रस्त्यावर असतात. तिथे टिप्परचा मार्ग कारखान्याच्या रस्त्यापासून वेगळा मागावा.

अवजड वाहनांवर वेळेचं बंधन घालण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ मधून येतो. बेळगाव शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, बाहेर जिल्हाधिकाऱ्यांकडे. प्रत महानगरपालिकेला, नगरसभेला किंवा ग्रामपंचायतीला. मागणी नेमकी ठेवा: शाळा भरताना आणि सुटताना पाऊण-पाऊण तास टिप्पर बंद, मागे घेताना शिट्टीवाला माणूस, आणि एकाच बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर. ‘गाड्याच नकोत’ असं लिहिलं की अर्ज तिथेच संपतो.

भाषेबद्दल. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार मराठीत निवेदन देता येतं. हक्क सोडायचा नाही, पण टिप्पर उद्या येणार असतील तर कन्नड प्रतही सोबत जोडावी; टेबलावरचा कारकून ती लगेच वाचतो. मंजूर नकाशा आणि परवानगीतल्या अटी माहिती अधिकारात मागवता येतात. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणजे खोदाई पाच दिवसांत संपते हे लक्षात ठेवून, बांधकामाची पाटी लागल्या लागल्या गल्लीतल्या पंचांनी हा अर्ज टाकावा.