समोरच्याची वाक्यं

वर्सोव्याच्या आराम नगरमध्ये मी कास्टिंग असिस्टंट आहे. माझं निम्मं काम कॅमेऱ्याशेजारी उभं राहून क्यू देण्याचं. सीनमध्ये आई, बाप, सावकार जो कुणी असेल त्याची वाक्यं मी वाचायची. क्लिपमध्ये माझा फक्त आवाज येतो.

मालिकेतल्या धाकट्या भावासाठी पंढरपूरकडचा एक मुलगा आला होता. पहिलीच ऑडिशन. सीन त्याला आदल्या रात्री उशिरा मिळालेला. वरूनच उशिरा येतो, आणि त्याचा भुर्दंड नेहमी नवख्यांना. तरी त्याची तयारी नेटकी होती. शर्ट साधा निळा. बारीक रेघांचा असता तर कॅमेऱ्यात रेघा थरथरल्या असत्या. इंट्रो झाला: नाव, वय, उंची, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू, हात पुढून-मागून. पाठांतर चोख.

पण दोन्ही टेकमध्ये त्याची मान एकाच शब्दाला, एकाच बाजूला, तेवढीच वळली. सुस्काराही ठरलेल्या जागी. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलेला, आणि माइक शर्टाला लावलेला, हनुवटीपासून वीतभरावर. पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा गाजवून आलेल्या मुलांनाही हा आवाज खाली आणायला वेळ लागतो, त्यामुळे त्याचं मला काही वाटलं नाही. मानेचं वाटलं.

"हे कुणी बसवून दिलं?"

"क्लासच्या सरांनी, ताई. आरशासमोर करून घेतलं."

या आरशाचा मला मनापासून राग आहे. आरशात मुलगा स्वतःकडे बघतो. सीनमध्ये त्याला बापाकडे बघायचं असतं. फी घेऊन मुलांना हे शिकवणं मला अन्याय वाटतो.

त्याला बाहेर पायरीवर बसवलं आणि म्हटलं, तुझी वाक्यं राहू दे, बापाची सांग. त्याला एकही येईना. कागदावर फक्त स्वतःच्या वाक्यांखाली पेनानं रेघा होत्या. मग बाप त्यानं वाचला, मुलगा मी. दुसऱ्यांदा वाचताना तो थांबला. म्हणाला, "यांना पैसे परत नकोच आहेत. आधी का सांगितलं नाहीस, एवढंच विचारतायत." सीनमध्ये हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या टेकला मी बापाचं वाक्य ओरडून न वाचता हळू वाचलं. मान वळली नाही. लेन्सच्या कडेला, माझ्यावर, त्याची नजर तशीच राहिली आणि उत्तर यायला वेळ लागला. एक वाक्य गळलं, एक त्याच्या घरच्या बोलीत आलं: "म्या न्हाय उधळलं पैसं." दिवसभर तोच सीन ऐकून कंटाळलेल्या कॅमेरामननंही मान वर केली.

हाच टेक मी वर पाठवला. उत्तर आलं, नॉट फिट. मोठ्या भावाचं काम करणारा नट त्याच्यापेक्षा चार बोटं बुटका आहे. भावांची जोडी पडद्यावर पटायला हवी, हे कारण खरंच आहे.

त्याचा फोन आला. उंचीचं कारण त्याला पटलं नाही. सरांनी बसवलेलं तसंच केलं असतं तर निवड झाली असती, असं त्याला वाटतंय, आणि तो परत त्याच क्लासला पैसे भरणार आहे. मी परोपरीनं सांगितलं. ती क्लिप त्याला दाखवली असती तर कदाचित पटलं असतं, पण ऑडिशनच्या क्लिप्स बाहेर द्यायची आम्हाला परवानगी नाही.