रेंज फुल्ल, तरी आवाज का तुटतो?

चारही कांड्या भरलेल्या, दीड जीबी डेटा शिल्लक, आणि पलीकडून आई म्हणते, "हॅलो, हॅलो, आवाज कट व्हायलाय." दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या आणि धारूर-पाटोद्याकडची घरं यांच्यात हे रोज संध्याकाळी चालतं. लातूरला नीटच्या तयारीसाठी खोली करून राहिलेल्या पोरांचंही तेच. मग मोठं रिचार्ज मारलं जातं, नाहीतर फोन बदलला जातो. बहुतेक वेळा दोन्ही खर्च वाया जातात, कारण व्हॉट्सअ‍ॅपसारख्या ॲपवरच्या कॉलला स्पीड फार लागतच नाही.

ॲप तुमचा आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापतं आणि सेकंदाला ५० पाकिटं धाडतं. आवाज दाबून लहान करायची ओपस नावाची पद्धत २०१२ साली प्रमाण ठरली. तिला स्वच्छ बोलण्यासाठी सेकंदाला २४ किलोबिट पुरतात. प्रत्येक पाकिटावरच्या पत्त्याचा बोजा धरला तरी जाणं-येणं मिळून मिनिटाला ६०० केबीच्या आसपास. म्हणजे तासाला ३६ एमबी. दीड जीबीत चाळीस तास बोलणं होतं. व्हिडिओ लावला की हा हिशेब कितीतरी पटींनी वाढतो. आपला खरा आकडा व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', तिथे 'नेटवर्क युसेज' यात दिसतो. त्याच पानावर 'यूज लेस डेटा फॉर कॉल्स' आहे. रेंज अंधुक असेल तिथे ते चालू करा.

अडचण असते ती वेळेची. यूट्यूब पुढच्या काही सेकंदांचा माल आधीच भरून ठेवतं, म्हणून मधे नेट अडलं तरी कळत नाही. बोलताना असा साठा करता येत नाही, कारण पुढचं वाक्य अजून कुणी उच्चारलेलंच नसतं. आवाज एका बाजूने दुसरीकडे पोहोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर बोलणं सहज वाटतं. त्याहून फार उशीर झाला की दोघं एकमेकांवर बोलू लागतात. उशिरा आलेलं पाकीट ॲप टाकून देतं आणि तोच तुमचा 'कट झालेला' शब्द. म्हणून स्पीड टेस्ट केली तर डाउनलोडचा मोठा आकडा सोडा. पिंग (पाकीट जाऊन परत यायला लागणारा वेळ), जिटर (त्या वेळेतला चढउतार) आणि अपलोड बघा.

कांड्यांबद्दलही एक गैरसमज आहे. टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती येतो, तेवढंच त्या सांगतात. तुमचा सिग्नल टॉवरपर्यंत पोहोचतो की नाही, हे त्यांच्यावरून कळत नाही. टॉवर वीस-चाळीस वॅटने बोलतो. ४जी फोनची ताकद जास्तीत जास्त ०.२ वॅट. त्यामुळे 'मला तुझं ऐकू येतं, तुला माझं नाही' हा प्रकार होतो. अशा वेळी फोन कानापासून दूर न्या, इअरफोन लावा, दाराशी किंवा माळवदावर जा. हाताची मूठ आणि डोकं मधून गेलं तरी फरक जाणवतो. पत्र्याच्या खोलीत तर पत्रा सिग्नल परतवून लावतो, तिथे उंबऱ्याबाहेर दोन पावलं टाकणं हाच उपाय.

वाय-फाय असलेल्या जुन्या घरांत राउटर हमखास देवळीत ठेवलेला असतो. तीन बाजूंनी हात-दीड हात जाडीची दगडमातीची भिंत, आणि समोर देवाचा फोटो! तो तिथून काढून दारांच्या सरळ रेषेत, डोक्याच्या उंचीवर टांगा. पलीकडच्या खोलीत बसणार असाल तर फोनच्या वाय-फाय यादीत राउटरची दोन नावं दिसत असतील, त्यातलं २.४ गिगाहर्ट्झचं नाव निवडा, त्याच खोलीत असाल तर ५ चं. लाइट गेली की कॉल तुटतो तो राउटर बंद पडल्यामुळे. त्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, पण घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर वाचा. बहुतेकांवर १२ व्होल्ट असतात. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही त्यातूनच वीज द्यावी लागते, नाहीतर वाय-फाय दिसतं आणि इंटरनेट नसतं.

आता माझं स्पष्ट मत. देशातल्या देशात नुसतं बोलायचं असेल आणि पॅकमध्ये अमर्याद कॉलिंग असेल, तर साधा कॉल लावा. व्होल्टी कॉलला, म्हणजे ४जीवरून जाणाऱ्या साध्या कॉलला, टॉवरवर वेगळी, आधी मान मिळणारी वाट असते. ॲपचा कॉल मात्र सगळ्या गावाच्या रील्सबरोबर रांगेत उभा राहतो. रात्री आठला फडाजवळच्या कोप्यांत शंभर फोन एकाच टॉवरवर असतात, तेव्हा हा फरक कळतो. घरात रेंज नाही पण वाय-फाय आहे, तर सिमच्या सेटिंगमधलं 'वाय-फाय कॉलिंग' चालू करा. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ते सुरू केलं. आपल्याच नंबरवरून कॉल जातो, समोरच्याकडे कुठलंही ॲप लागत नाही.

'कॉल येतच नाही, फोन उघडला की एकदम चार मिस्ड कॉल दिसतात' ही तक्रार नेटची नाही. बॅटरी वाचवायला फोन ॲपला झोपवतो. व्हॉट्सअ‍ॅपचं चिन्ह दाबून धरा, 'ॲप इन्फो', मग 'बॅटरी' आणि 'अनरिस्ट्रिक्टेड'. शाओमीच्या फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट'ही चालू करावं लागतं. सॅमसंगमध्ये 'नेव्हर ऑटो स्लीपिंग ॲप्स' या यादीत नाव घालावं लागतं. डेटा सेव्हर चालू असेल तर 'अनरिस्ट्रिक्टेड डेटा युसेज'ची परवानगीही द्या. नंतर फोन लॉक करून अर्धा तास बाजूला ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून कॉल करून बघा. लगेच केलेली चाचणी फसवते, कारण तेव्हा ॲप जागंच असतं.

फक्त अनोळखी नंबरचेच कॉल वाजत नसतील तर व्हॉट्सअ‍ॅपमधलं 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू आहे. ते तसंच राहू द्या, घरच्यांचे नंबर तेवढे सेव्ह करा. पोलिसांच्या वेषात व्हिडिओ कॉल करून 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घालणारे याच वाटेने येतात. अशी अटक कायद्यात नाही. कॉल कापा; पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० लावा.

दोन सिमच्या फोनमध्ये दुसऱ्या सिमवर कॉल घेतला की पुष्कळदा पहिल्या सिमचा डेटा थांबतो आणि चालू व्हॉट्सअ‍ॅप कॉल लटकतो. सिम सेटिंगमध्ये 'कॉल चालू असताना डेटा बदला' अशा अर्थाचा पर्याय असतो. मात्र दुसऱ्या सिमवरही डेटा हवा.

स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर आपला फोन तपासत बसू नका, दोष पलीकडे आहे. त्यांच्या स्पीकरचा आवाज त्यांच्याच माइकमध्ये शिरतोय; त्यांना स्पीकर बंद करायला किंवा इअरफोन लावायला सांगा. आवाज दबका जात असेल तर चार्जिंगच्या जागेजवळचं माइकचं बारीक भोक बघा. सोयाबीनच्या राशीची धूळ आणि कापसाचा तंतू तिथे घट्ट बसतो. मऊ, कोरडा टूथब्रश तिरपा धरून फिरवा. सिमची पिन घालू नका, आतली जाळी फाटते.

टॅबला बहुधा कानाला लावायचा स्पीकर नसतो, त्यामुळे तिथे इअरफोन हवाच. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप 'लिंक्ड डिव्हाइस' म्हणून जोडता येतं, पण मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडणी तुटते. आजोबांच्या हातात टॅब देऊन फोन कपाटात ठेवला असेल, तर आठवड्यातून एकदा तो नेटवर आणून व्हॉट्सअ‍ॅप उघडा.

आणि दुबईला गेलेल्या माणसाचा मेसेज येतो पण व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाही, तेव्हा इकडे सेटिंग चाळू नका. तिथे परवानगी असलेल्या ॲपवरूनच कॉल होतात, बोटिम त्यातलंच एक. ते दोन्हीकडे टाकावं लागतं.